झाकणावर लिहिलंय तसं

स्वतःच्या पोटातून जे बाहेर पडतं त्याला माणसं काय काय नावं देतात, याची मी एकदा यादी करणार आहे. कुणी ‘सँपल’ म्हणतं, कुणी ‘ते’ म्हणतं, कुणी ‘सकाळचं’ म्हणतं. एक गृहस्थ तर ‘पार्सल’ म्हणाले. खिडकीतून डबी आत सरकवताना मान अशी वळवतात की जणू ती माझीच आहे आणि मीच त्यांच्या हातात कोंबली आहे. बावीस वर्षं मी रुग्णालयाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत मल तपासते आहे. मल. दोन अक्षरांचा स्वच्छ शब्द, पण कुणाच्या तोंडून निघेल तर शपथ. मला त्या डबीची किळस येत नाही, कधीच आली नाही. डबीतलं खोटं बोलत नाही. किळस येते ती नाकाला रुमाल लावून समोर उभ्या राहणाऱ्यांची.

आमच्या प्रयोगशाळेत मला ‘शुद्धलेखन’ म्हणतात. मागून म्हणतात आणि मला कळत नाही असं समजतात. कुणी अहवालावर ‘स्टूल’ लिहिलं की मी विचारते, बसायचं आहे का त्याच्यावर? सूचनाफलकावर ‘रूग्ण’ असा दीर्घ रू दिसला की माझं डोकं उठतं, आणि मी खिशातला निळा मार्कर काढून तो तिथल्या तिथे नीट करते. आहे माझा स्वभाव तसा. नाक वर करून चालते म्हणतात तेही खरंच आहे, पण ज्या जागेत मी काम करते तिथे नाक खाली घालून कोण चालेल?

आता धाकटीचं सांगते. धाकटी म्हणजे माझी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. बस डेपोत तिकिटाच्या खिडकीवर बसते. चार वर्षांपूर्वी तिला मोठ्या आतड्याच्या सुजेचा आजार निघाला. कळा, जुलाब, रक्त. दिवसातून पंधरा वेळा खिडकी बंद करून धावायचं आणि परत येईस्तोवर रांगेतल्या माणसांनी काचेवर नाणी आपटायची. एकदा एका बाईनं विचारलं म्हणे, झाला का चहा पिऊन? धाकटी म्हणाली, हो, झाला. हे मला सांगताना ती हसत होती. तिच्या जागी मी असते तर त्या बाईला काय प्यायला दिलं असतं, ते इथे सांगत नाही.

तिचा नवरा पाट्या रंगवतो. दुकानांच्या, शाळांच्या, ट्रकच्या मागच्या. घरीदारी सगळे त्याला पेंटरच म्हणतात आणि मीही तेच म्हणते. अक्षर काढावं तर त्यानंच. पण माझी स्तुती तिथेच संपते, कारण पेंटरला घाण सोसत नाही. धाकटी संडासातून बाहेर आली की हा खिडक्या उघडत सुटायचा. जेवणाचं ताट घेऊन गॅलरीत जाऊन बसायचा. एकदा माझ्या डोळ्यांदेखत तिची भरलेली चादर दोन बोटांच्या चिमटीत धरून मोरीकडे निघाला आणि वाटेतच त्याला उमासा आला. ती बिचारी पलंगावरून माफी मागतेय, आणि हा तोंडावर हात धरून उभा. त्या दिवशी मी त्याच्या नावानं अंघोळ केली आणि त्यांच्या घरी जाणंच बंद केलं. धाकटीला काय हवं-नको ते फोनवर विचारायचे.

या वर्षाच्या सुरुवातीला आतडेवाल्या डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवलं. हे आमच्याच रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावर बसतात. म्हणाले, आता नवीन औषध देतो, तीन महिने बघू. सूज उतरली तर ठीक. नाही तर मोठं आतडं काढून टाकावं लागेल आणि पोटावर कायमची पिशवी येईल. धाकटीनं सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं, की पिशवी लावून खिडकीवर बसता येतं का. येतं, डॉक्टर म्हणाले. पुष्कळ लोक सगळं करतात. पेंटर तेवढ्यात खुर्ची सरकवून बाहेर गेला होता, आणि कोपऱ्यातल्या बेसिनपाशी तो ओकत असलेला मी माझ्या कानांनी ऐकला. शी. जी पिशवी अजून आलीच नाही तिची ज्याला ओकारी येते, तो बायकोला काय सांभाळणार?

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. इतकी वर्षं जुलाब झाल्यामुळे धाकटीच्या रक्तातलं झिंक फार कमी झालं होतं. अशा रोग्यांत झिंक कमी असलेल्यांची सूज जास्त राहते असं दिसतं, म्हणाले, पण गोळी दिल्यानं ती किती उतरते हे कुणालाच नक्की माहीत नाही. तरी जे कमी आहे ते भरून काढायला हरकत नाही. रोज एक गोळी, जेवणानंतर. नव्वद गोळ्यांची बाटली, तीन महिन्यांची सोय.

औषधं मीच खालून आणली. धाकटीचं लक्ष कुठे होतं? ती पिशवीच्या विचारात, आणि पेंटर बेसिनपाशी. मुख्य औषधाच्या खोक्यांवर मी माझ्या मार्करनं मोठ्या अक्षरात लिहिलं, सकाळी दोन, रात्री दोन. उरली ती झिंकची बाटली. तिच्यावरचा कागद परक्या भाषेत, मुंगीएवढ्या अक्षरांत. मी झाकणावर लिहिलं, जस्त. झिंक कशाला? पत्र्याच्या बादलीवर चढतं तेव्हा जस्त आणि पोटात गेलं की लगेच झिंक? आपल्याकडे शब्द आहे तर तो वापरावा. रोज एक, हे वेगळं लिहायची गरज मला वाटली नाही. एकच तर गोळी होती. औषधांच्या पिशवीला गाठ मारून मी ती धाकटीच्या हातात दिली आणि कामाला गेले.

तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी तिचा फोन आला. माझ्या टेबलावर चाळीस डब्या, शेजारी नळ्या गरगर फिरवणारं यंत्र चालू. तिचं काय चाललंय ते निम्मं ऐकू येत नव्हतं. मळमळतं म्हणाली, ओकारी येते म्हणाली. मग तिनं विचारलं, “ताई, ते जस्त घ्यायचंच का गं?”

खरं सांगते, मला बरं वाटलं. आयुष्यभर मी ओरडतेय, आणि आज कुठे माझा शब्द माझ्या बहिणीच्या तोंडी आला. “घ्यायचंच,” मी म्हणाले. “झाकणावर लिहिलंय तसं घे. मी काय वेडी म्हणून लिहिलं? आणि मळमळण्याचे नखरे मला सांगू नकोस, इथे लोक आतडी हातात घेऊन येतात.” एवढं बोलून मी फोन ठेवला. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला सांगितलंसुद्धा, बघ, माझी बहीण झिंकला जस्त म्हणते.

सूज किती आहे हे आम्ही मलावरूनच मोजतो. आतड्याला सूज असली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावतात आणि त्यांच्यातलं एक प्रथिन मलात उतरतं. त्याचा आकडा जितका मोठा तितकी सूज मोठी. नवं औषध सुरू झालं त्या आठवड्यात धाकटीची पहिली डबी आली तेव्हा आकडा अठराशे चाळीस होता. सहा आठवड्यांनी सातशे साठ. तीन महिने पुरे व्हायच्या आठवड्यात आकडा आला दोनशे दहा. मी यंत्रासमोर उभी राहून एकटीच हसले. या औषधाआधी चार वर्षांत तिचा आकडा कधी हजाराखाली आला नव्हता.

आणि तिकडे घरी धाकटी मरायला टेकली होती. दर दोन तासांनी ओकारी. पोटात मुरडा. पायाला मुंग्या इतक्या की चप्पल पायात आहे की नाही ते खाली बघून कळायचं. रक्त सातावर आलं, पांढऱ्या पेशी निम्म्या झाल्या. डॉक्टरांनी ठरवलं की आजार हाताबाहेर गेला. पेशी इतक्या उतरल्या म्हणजे मुख्य औषध सोसत नाही, तेव्हा ते वाढवताही येणार नाही. आतून दुर्बिणीनं बघावं तर आधी पोट साफ करायचं औषध प्यावं लागतं, आणि ते तिच्या पोटात पाच मिनिटं टिकेना. शुक्रवारी आतडं काढायचं ठरलं. पेंटरनं कागदावर सही केली.

दोनशे दहाचा अहवाल घेऊन मी तिसऱ्या मजल्यावर धावत गेले. सूज उतरली आहे, म्हटलं, जे काही होतंय ते सुजेमुळे होत नाहीये. डॉक्टरांनी कागद बघितला, चष्मा काढला आणि अगदी गोड आवाजात मला म्हणाले की ती तुमची सख्खी बहीण आहे. माणसाला आशा असते. नमुना बदलला गेला असेल, किंवा आकडा. मी याची कुठे वाच्यता करणार नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षांत मी एक आकडा इकडचा तिकडे केला नाही. मंत्र्यांच्या सासूबाईंचा केला नाही. आणि हे शहाणे मला समजून घेतात. त्यांच्या त्या समजूतदारपणाची मला जेवढी किळस आली, तेवढी कुठल्याच डबीची आली नसेल.

खाली येऊन त्याच डबीतून मी तीनदा चाचणी केली. दोनशे चौदा, दोनशे सहा, दोनशे अकरा. यंत्र बरोबर होतं, हात बरोबर होता. मग राहता राहिलं काय? डबी. धाकटीला तर उठून बसवत नव्हतं. डबी भरून आणत होता पेंटर. ज्याला चादर चिमटीत धरवत नाही, तो चमच्यानं मल उचलून डबीत भरेल? छे. हा माणूस स्वतःचं भरून आणतोय, तिच्या नावावर. हे डोक्यात आलं आणि मला ते इतकं पटलं की मी तिथल्या तिथे अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मंगळवार होता. मध्ये फक्त दोन दिवस उरले होते.

त्यांच्या दोन खोल्या त्याच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आहेत. जिन्यात ओल्या पाट्या वाळत घातलेल्या, सगळीकडे टर्पेंटाइनचा वास. दार उघडंच होतं. धाकटी पलंगावर कुशीवर झोपलेली, पलंगाखाली बादली. तिचा चेहरा जुन्या कागदासारखा झाला होता. तिला असं बघूनही मी आधी तिच्याकडे गेले नाही, मी सरळ मोरीकडे गेले. पेंटर तिथे उकिडवा बसून भांडं घासत होता. नाकातोंडाला फडकं बांधलेलं, डोळ्यांतून पाणी.

“पेंटर,” मी म्हणाले, “डबीत कुणाचं भरून आणता?”

त्याला कळेना. मग मी त्याला शब्द न गाळता विचारलं. तुम्ही स्वतःचं बायकोच्या नावावर देता, डॉक्टर मला खोटी ठरवतात, आणि शुक्रवारी हिचं आतडं जाणार आहे. मी इतक्या मोठ्यानं बोलले की खाली पत्रा ठोकणारा माणूस थांबला.

पेंटरनं फडकं खाली ओढलं. रागावला नाही, हेच मला सहन होईना. तिचंच असतं, म्हणाला. भांड्यावर कागद पसरतो, तिला धरून बसवतो, मग त्यातलं चमच्यानं काढतो. नाकाला टर्पेंटाइनचा बोळा बांधतो. घाण सोसत नाही, लहानपणापासून सोसत नाही, त्याला काय करणार? ओकतो, तोंड धुतो आणि परत येतो. पलीकडून धाकटी म्हणाली, ताई, तिसऱ्या डबीला तो दोनदा ओकला, पण डबी सांडू दिली नाही.

मी पलंगाच्या कडेला बसले.  तीन महिने ज्या माणसाची मी मनातल्या मनात चिरफाड केली, तो दिवसातून दहा वेळा ही मोरी घासत होता. आणि मी, जिला कशाचीच घाण वाटत नाही, मी एकदाही इथे आले नव्हते.

पण मग प्रश्न तसाच राहिला. मल तिचा, आकडा खरा, सूज उतरलेली. ही मरतेय कशानं?

पेंटरनं हात धुतले, घड्याळ बघितलं आणि म्हणाला, दुपारच्या गोळ्यांची वेळ झाली. धाकटीनं डोळे घट्ट मिटून घेतले. तो फळीवरून बाटली घेऊन आला आणि दोन गोळ्या तळहातावर काढल्या. दुपारी कसल्या गोळ्या, मी विचारलं. मुख्य औषध तर सकाळी आणि रात्री होतं.

“तुमच्याच,” तो म्हणाला.

बाटली माझ्या ओळखीची होती. मग माझी नजर खिडकीकडे गेली. खिडकीत तशाच पाच बाटल्या ओळीनं ठेवल्या होत्या, रिकाम्या, धुतलेल्या, प्रत्येकीत दोन-दोन ब्रश उभे. नव्वद गोळ्यांची बाटली तीन महिने पुरायची होती. मी विचारलं, ही कितवी? सहावी, तो म्हणाला. झाकण मात्र तुमचंच ठेवलंय, सूचना आहे ना त्याच्यावर.

मी बाटली हातात घेतली. झाकणावर माझ्या निळ्या मार्करचा ‘ज’ होता, निळा ‘स्त’ होता, आणि ‘ज’च्या पुढे एक काना होता. काळ्या रंगातला, बारीक ब्रशनं काढलेला, वरून खाली एकसारखा, अतिशय सुरेख काना.

“हा काना कुणी दिला?”

पेंटर थोडा लाजला. तुमचा राहून गेला होता, म्हणाला. घाईत असाल. मला पाट्यांची सवय आहे, चुकलेलं अक्षर समोर दिसलं की हात राहत नाही.

जास्त. मी तीन महिने तिला जास्त द्यायला सांगितलं होतं. किती जास्त ते लिहिलं नव्हतं, म्हणून त्यानं बिचाऱ्यानं डोकं चालवलं. बाकीच्या औषधाला दोन-दोन लिहिलंय, तेव्हा ही दोन-दोन-दोन, म्हणजे सकाळ, दुपार, रात्र मिळून सहा. तो सांगत होता आणि मी बाटलीकडे बघत होते. तुम्हाला विचारायचं मनात होतं, म्हणाला, पण तुम्ही माझ्याशी बोलत नाही, म्हणून हिला फोन करायला लावला. हिनं विचारलं की जास्त घ्यायचंच का. तुम्ही म्हणालात, घ्यायचंच.

 तो फोन मला शब्द न् शब्द आठवत होता. ती ‘जास्त’ म्हणाली होती. त्या यंत्राच्या आवाजात मी ‘जस्त’ ऐकलं, कारण मला तेच ऐकायचं होतं. आणि वर ते मिरवलं.

इथे एक गोष्ट कबूल करते, कारण ती लपवण्याइतकी लहान नाही. त्या क्षणी मनात पहिलं काय आलं असेल, तर हे, की काना त्यानं दिलाय. मी तर बरोबर लिहिलं होतं. ह्रस्व-दीर्घासकट बरोबर. माझी बहीण समोर हाडांचा सापळा होऊन पडली होती आणि मी माझं शुद्धलेखन तपासत होते. पर्समध्ये हात घातला तर डॉक्टरांची चिठ्ठी तिथेच होती, चार घड्या घातलेली. रोज एक, जेवणानंतर. तीन महिने ती माझ्याजवळ होती. माझी मलाच अशी किळस आली की त्या पलंगाखालच्या बादलीपाशी वाकायची पाळी माझ्यावर आली.

आम्ही गाडी करून तिला रुग्णालयात नेलं. पेंटरनं तिला जिन्यावरून उचलून आणलं. आतडेवाल्या डॉक्टरांनी बाटली बघितली, झाकण बघितलं, गोळ्यांचा हिशेब मनात केला आणि त्यांचा चेहरा उतरला. लगेच रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आम्हाला खोलीत बोलावलं. धाकटी चाकाच्या खुर्चीत, पेंटर तिच्या मागे, मी दाराजवळ.

झिंक प्रमाणाबाहेर गेलं होतं, आणि ते वाढलं की शरीरात तांबं टिकत नाही. तांबं संपलं म्हणून रक्त उतरलं, पेशी उतरल्या, पायाला मुंग्या आल्या. ओकारी आणि मुरडा त्या गोळ्यांचाच होता. शस्त्रक्रिया रद्द. गोळ्या बंद. तांब्याचं औषध सुरू. रक्त भरून येईल, म्हणाले. पायांचं सांगता येत नाही, महिने लागतील, कदाचित थोडं कायमचं राहील. सूज मात्र खरंच उतरली आहे. कशामुळे, मुख्य औषधामुळे की आणखी कशामुळे, ते त्यांना सांगता येत नव्हतं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, तुमचा आकडा बरोबर होता, मी चुकलो.

दोन दिवसांपूर्वी मी हे वाक्य ऐकायला जीव टाकला असता. आता ते कानावरून गेलं.

डॉक्टर आता चिडले होते. आतडं काढलं असतं मी, म्हणाले, धडधाकट होत चाललेलं आतडं काढून टाकलं असतं. सहा-सहा गोळ्या दिल्या कुणी? पेंटर खुर्चीमागून पुढे आला. चूक माझी, म्हणाला. काना मी दिला. डॉक्टरांनी त्याला जे झापलं ते लिहायची लाज वाटते. पाट्या रंगवता तशी औषधं देता का, इथपर्यंत बोलले. तो मान खाली घालून ऐकत होता. त्याच्या नखांत अजून काळा रंग होता. माझ्या तोंडात शब्द तयार होते आणि मी ते गिळत होते. मी तिथे बावीस वर्षं काम केलंय. त्या माणसानं आत्ताच माझी माफी मागितली होती. आणखी थोडा वेळ गप्प बसले असते तर मी त्या खोलीतून मान ताठ ठेवून बाहेर पडले असते.

मग डॉक्टर धाकटीकडे वळले. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “तुम्हाला एवढा त्रास होत होता, तर कुणाला विचारलं का नाही?”

धाकटीनं माझ्याकडे बघितलंही नाही. “नाही विचारलं,” ती म्हणाली. “लक्षात आलं नाही.”

डेपोत त्या बाईला ‘हो, झाला चहा’ म्हणाली असेल ती याच आवाजात. आता हिनं मलाही त्या रांगेत उभं केलं होतं, आणि मी तिथेच शोभत होते.

“विचारलं होतं तिनं,” मी म्हणाले. “मला. मी घे म्हणून सांगितलं. आणि झाकणावर लिहिलंही मीच. रोज एकची चिठ्ठी माझ्या पर्समध्ये आहे. त्याला बोलू नका.”

 मी चिठ्ठी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. मग धाकटीजवळ जाऊन खाली बसले, तिचे पाय हातात घेतले. माझे हात लागलेत हे तिला कळतंय का ते मला कळेना. मी सांगायला सुरुवात केली, की फोनवर मला जस्त ऐकू आलं, यंत्र चालू होतं, दोन्ही शब्द सारखेच वाटतात. मी बराच वेळ तेच तेच सांगत असेन.

तिनं मला थांबवलं. रागावलेली नव्हती, फक्त दमलेली होती.

“ते मला समजतं, ताई. शब्द चुकून ऐकू येतो. पण मी तेव्हा रडत होते. तेही ऐकू आलं नव्हतं का?”

“आलं होतं,” मी म्हणाले.